तालमीच्या न्हाणीची मोरी

मोरी ही काय लिहायची गोष्ट आहे का, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्याच्या न्हाणीत एकदा घोट्यापर्यंत पाणी तुंबलंय, तो म्हणणार नाही. मी गवंडी, माझा बाप गवंडी, आजा गवंडी. आमची मुसलमानांची दहा-बारा घरं कोल्हापुरात पिढ्यानपिढ्या दगड-चुन्यात हात घालून राहिलेली. देवळाच्या पायऱ्या, मशिदीची कमान, सरदारांचे जिने, सगळीकडं आमचा हात लागलेला. पण उभ्या आयुष्यात मी तोंडात बोट घातलं ते एका मोरीपुढं. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

महाराजांचं राज्य होतं आणि गावाला कुस्तीचं वेड लागलेलं होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक तालीम होती. तिथं मारुतीही होता आणि मोहरमात पंजाही बसायचा, आणि दोघांपुढं नारळ फोडणारे हात तेच असायचे. तिथले वस्ताद साठीचे. कान मोडून मोडून गोळा झालेले, मान खांद्यात गेलेली, आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीत म्हैस दावं तोडायची. पोरं मेहनत करून उठली की मागच्या विहिरीच्या काठावर अंगावर बादल्या ओतून घ्यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

अडलं ते गुळाच्या शेटचं. शेट लिंगायत, घरात कानडी, पेठेत मराठी, आणि धाकटा मुलगा ह्याच तालमीत. एकदा ते मुंबईला गेले, कुठल्याशा हॉटेलात उतरले आणि तिथं उभ्या उभ्या न्हाऊन आले. डोक्यावर पितळी फवारा, पायाखाली पांढऱ्या टाइली. आल्यापासून दुसरं बोलणं नाही. "नोड्री मिस्त्री," म्हणजे बघा मिस्त्री, असं म्हणून त्यांनी हात वर करून बोटं हलवून दाखवली, "असं वरनं पडतंय. बादली न्हाय, तांब्या न्हाय. आपल्या पोरांस्नी असलं न्हाणं पायजे." टाइली, फवारा, लोखंडी नळ, सगळं त्यांनी आगगाडीनं मागवलं. काम आलं माझ्या सासऱ्यांकडं.

सासऱ्यांना मी मामू म्हणायचो. ते मला 'पावणं' म्हणायचे. लग्नाला सात वर्षं झाली, दोन पोरं झाली, त्यांच्याच हाताखाली मी काम करत होतो, तरी पावणं. "पावणं, वाळू चाळलासा काय?" अशा थाटात. मामूंच्या दोन्ही डोळ्यांत पडळ आलं होतं. दिवसा उजेडात माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते कळायचं नाही. तरी काम सुटलं नव्हतं. चुना दोन बोटांत चोळून सांगायचे, बैलाच्या घाणीत अजून दळायला पाहिजे. आणि ढाळ! पाणसळ लावून, दोरी ताणून आम्ही फरशीचा उतार बघायचो. मामू एक तांब्या पाणी ओतायचे, मान तिरकी करायचे आणि ऐकायचे. "तिसऱ्या फरशीपाशी पाणी दम खातंय, पावणं." आम्ही हात लावून बघायचो, तर तिथं खरंच दोऱ्याएवढा खळगा. काय सांगू, पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा माझी दातखीळ बसली होती. सात वर्षांनीही तसंच वाटायचं. पाणी ऐकणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

पण ते तालमीचं काम शेवटचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनाही.

आता मोरीकडं येतो. शेटनी टाइलींबरोबर एक जाळीही मागवली होती. तळहाताएवढी गोल, पितळी, आरशासारखी. तिच्या खाली उलटी वाटी. त्या वाटीपाशी थोडं पाणी कायम उभं राहतं आणि गटाराचा वास वर येत नाही. मी तर खुळावलो. जाळी न्हाणीच्या बरोबर मधोमध, चारी बाजूंनी तिच्याकडं ढाळ, वर पांढऱ्या टाइली! गावात असली न्हाणी कुणी बघितली नव्हती, आणि ती माझ्या हातानं होणार होती.

मामूंनी जाळी हातात घेतली. भोकांवरनं अंगठा फिरवला. वाटी काढली, लावली.

"जोंधळ्याएवढी भोकं हायेत," ते म्हणाले. "ही जाळी साबणानं न्हाणाऱ्याची हाय. आखाड्यातनं उठलेल्याची न्हाय. पावणं, सगळा ढाळ भिंतीकडं काढा. भिंतीच्या कडंनं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत चर घ्या, वर खाचा पाडलेले दगड टाका. मोरीला तोंड मोठं पायजे."

शेटचं तोंड उतरलं. दगड? मुंबईच्या टाइलींशेजारी? तिथं वस्ताद होते, दहा-पंधरा पैलवान होते, आणि मला काय अवदसा आठवली कुणास ठाऊक. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मामू, तुम्हांस्नी दिसत न्हाय म्हणून असं म्हणताय. एकदा नजरंनं बघितली असती तर दगडाचं नाव काढलं नसतं."

पैलवानसुद्धा जमिनीकडं बघायला लागले. मामूंनी जाळी माझ्या हातात दिली.

"बसवा," म्हणाले.

वस्तादांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, पाणी तुंबंल काय?"

मामूंनी कमरेची थापी काढली. बाभळीची मूठ, त्यांच्या अंगठ्यानं झिजून खळगा पडलेली. ती वस्तादांपुढं धरून ते म्हणाले, "पावण्याचं काम ते माझं काम. तुंबलं तर ही थापी त्याच दिवशी खाली ठीवीन. परत उचलायची न्हाय."

त्यांनी मला अडवलं का नाही, हे कोडं मला म्हातारपणापर्यंत सुटलं नाही. त्यांनी एक शिवी हासडली असती तर मी ऐकलं असतं. चारचौघांत आंधळा म्हटल्यावर माणूस शिवी देत नाही, एवढंच मला आता कळतं.

काम झालं. चुन्यात घालायला शेटनी आपल्या वखारीतला गूळ दिला. गच्चीवर टाकी चढली, टाकीतनं नळ खाली आला, नळाला फवारा. टाइली मी अशा बसवल्या की दोहोंच्या मधे नख शिरू नये. मामूंनी चारी कोपऱ्यांत तांब्या तांब्या पाणी ओतून ऐकलं. "ढाळ झकास हाय," म्हणाले, "जाळीचं मला म्हाईत न्हाय." मी मनात म्हटलं, म्हातारा अजून रुसलाय.

शनिवारी सकाळी नारळ फुटला. वस्तादांनी सगळा आखाडा एकदम सोडला, पंचवीस-तीस गडी, घामानं आणि लाल मातीनं थापलेले. विहिरीचं पाणी पोरांनीच घागरींनी टाकीत चढवलं होतं. मी तोटी फिरवली. वरनं पाणी सुटलं आणि ते दांडगे बाप्ये लहान पोरांसारखे किंचाळले. एकमेकांना ढकलून फवाऱ्याखाली तोंड वर करून उभे राहायचे. शेटच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी छाती फुगली ती काय विचारता! मी मनात म्हटलं, या अल्ला, आपण हे केलं.

मग खाली बघितलं. पाणी जाळीभोवती एकदा गरगरलं, आणि थांबलं.

आखाड्याची माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात तेल असतं, ताक असतं, हळद असते. हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला, शेटला, वस्तादांना, सगळ्यांना ठाऊक. आणि आम्ही सगळ्यांनी मोरी मापली ती पाण्याच्या मापानं! तीस अंगांवरची तेलकट माती, वर केस, त्या जोंधळ्याएवढ्या भोकांवर लोण्यासारखी बसली. घोटा बुडाला. मी गुडघ्यावर बसून जाळीवर हात घासत होतो आणि वरनं पाणी पडतच होतं. तोटी बंद करायची शुद्ध कुणाला होती? उंबऱ्यावरनं लाल पाणी निघालं ते सरळ आखाड्यात. वर्षानुवर्षं तेल-ताक पाजून केलेल्या मातीत चिखल.

मी पहारीनं जाळी उचकटली. पाणी गटगट करत गेलं, भिंतीपलीकडं गल्लीच्या गटारात पडलं. तेव्हा वस्ताद ओरडले. तो आवाज अजून कानात आहे.

"आरं ही माती हाय! हिच्या पाया पडून आम्ही आत उतरतो, आन्‌ तुम्ही हिला गटारात सोडताय व्हय?"

तेव्हा मला आठवलं. विहिरीच्या काठावर न्हायचे तेव्हा दर आठवड्याला काठावर साचलेली माती खरवडून, वाळवून, परत आखाड्यात टाकायचे. मूठभर वाया जाऊ द्यायचे नाहीत. रोज डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट, आणि ती मला दिसली नव्हती.

मामू उंबऱ्यापाशी उभे होते. पाणी त्यांच्या पायांवरनं वाहत होतं. त्यांनी खाली वाकून चाचपडत कोरडी पायरी शोधली आणि तिच्यावर थापी ठेवली. "वस्ताद, शब्द दिलता," म्हणाले, आणि भिंतीला हात लावत लावत घरी गेले. मी मागनं हात धरायला गेलो तर त्यांनी हात काढून घेतला.

घरी बायको दारात उभी होती. बातमी माझ्याआधी पोचलेली. मी पायरीवरनं उचलून आणलेली थापी तिनं माझ्या हातातनं घेतली, पदरानं पुसली, कोनाड्यात ठेवली आणि एकच वाक्य बोलली, "माझ्या बापाचा हात तुम्ही काढून घेतलासा." त्यानंतर जेवायला वाढायची, बोलायची नाही.

मामू ओसरीवर बसून असायचे. थापीविना त्यांच्या उजव्या हाताला काय करावं कळायचं नाही. बोटं मांडीवर चुना सारखा करायची, परत सारखा करायची. मला बघवायचं नाही. तिकडं वस्तादांनी न्हाणीला कुलूप घातलं होतं. शेट म्हणाले, टाइली उपटून काढा, घरी देवघरात तरी लावतो. म्हणजे मामूंचं शेवटचं काम महिनाभरही उभं राहणार नव्हतं. चाळीस वर्षांच्या गवंडीकामावर लोक शेवटी एवढंच म्हणणार होते, त्याची मोरी तुंबली.

आठव्या दिवशी मी त्यांच्यापुढं जाऊन बसलो. "मामू, चूक माझी. माझी थापी मी ठेवतो. तुम्ही तुमची उचला."

"शब्द काय उसना देता येतोय व्हय?"

"मग उचलू नका. पण काय करायचं ते तरी सांगा. टाइली उपटायला निघालेत."

"तुम्हांस्नी दिसतंय न्हवं. बघा की."

लागलं. लागायलाच पाहिजे होतं. मी म्हणालो, "दिसतंय मामू, पण ऐकू येत न्हाय."

त्यांनी हात पुढं केला, मी धरावा म्हणून. "चल बेटा," म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा. मी रडलो, लपवत नाही.

तालमीत त्यांनी एकाच पैलवानाला बादलीनं न्हायला लावलं आणि खालचं पाणी मोठ्या घंगाळात धरलं. "आता कुणी बोलायचं न्हाय," म्हणाले. वस्तादांसकट सगळे गप्प. मामू घंगाळाशेजारी मांडी घालून बसले, एक बोट पाण्यात सोडून. वेळ किती गेला सांगता येत नाही. मग म्हणाले, "वरचं पाणी हळू ओता." मी ओतलं. आईशप्पथ, विहिरीतनं आत्ता काढलंय असं नितळ! आणि तळाला माती, मऊ, लाल, सगळीच्या सगळी.

"माती थकली की बसती," मामू म्हणाले. "तिला बसायला जागा द्यायची. एवढंच."

टाइली उचलून ढाळ मी नव्यानं काढला, भिंतीकडं, आणि त्या परत बसवल्या. भिंतीच्या कडेनं चर, त्याच्यावर खाचा पाडलेले काळे दगड. एकेका खाचेत मामूंनी करंगळी घालून बघितली. अडली तर परत छिन्नी. थापीला त्यांनी हात लावला नाही. वितीनं मापून द्यायचे, तोंडानं सांगायचे, बोटानं चाचपायचे, आणि हात माझे चालायचे. चर जाऊन पडायचा तो एका दगडी कुंडीत, माणूस आडवा मावेल एवढ्या. तिच्या शेवटाला एक उभी फरशी, वरनं सोडलेली, पाण्यात चार बोटं बुडालेली. वर तरंगणारं तेल त्या फरशीला अडून अलीकडंच राहायचं, आणि पलीकडच्या गटाराचा वासही तिथंच अडायचा. शेटच्या पितळी वाटीचं काम एका दगडानं केलं! फरशीखालनं नितळ पाणी दुसऱ्या, लहान कुंडीत, तिथनं केळींना, आणि उरलं तर गटारात.

शेट कोपऱ्यात उभे राहून हे सगळं बघत होते, जाळी धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली. मामूंनी विचारलं, "शेट, तुमची जाळी कुठं हाय?" आणि ती दुसऱ्या कुंडीच्या तोंडावर बसवायला लावली. "इथं पाणी साबणाच्या माणसासारखं येतंय. इथं ती शोभतीया." शेट खुलले. मी मान खाली घातली.

ह्या खेपेला नारळ नव्हता, गर्दी नव्हती. पोरं न्हायला लागली तसे मामू बाहेर, दुसऱ्या कुंडीपाशी जाऊन बसले. मी पहिल्या कुंडीवर वाकलो. लाल पाणी धावत आलं, कुंडीत शिरलं, आणि चालता चालता मंद झालं. त्याच्यातनं माती खाली उतरताना मला दिसत होती. आणि पलीकडं नितळ धार लागली. माझ्या अंगावर काटा आला. मी चाळीस-चाळीस हात उंच भिंती बांधल्या, कधी असं झालं नाही. त्या माणसाला ह्यातलं काही दिसत नव्हतं, आणि हे सगळं त्याच्या डोक्यात आधीच वाहत होतं.

मामू बाहेरनं म्हणाले, "बसली."

वस्ताद त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "मिस्त्री, आता थापी उचला. मी म्हणतोय."

"तुम्ही म्हणताय वस्ताद, पण शब्द मी दिलता."

मोरी केली म्हणजे संपलं असं समजणारे लोक असतात. त्यांच्या घरी जाऊन वास घ्यावा. मोरी रोज करावी लागते. वस्तादांनी कायदा घातला: सकाळी पाळीनं दोघांनी कुंडीवरचं तेल झाडूनं ओढून काढायचं, पाणी उपसायचं, माती लाकडी फावड्यानं काढून गच्चीवर पसरायची, वाळली की चाळून आखाड्यात. शनिवारी चरावरचे दगड उचलायचे, खाचांतले केस काडीनं काढायचे, टाइली राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायच्या. नव्या पोराला आधी कुंडी, मग लंगोट. शेटच्या मुलालाही सुटका नव्हती. मैदान मारून आलेला पैलवानसुद्धा आपली पाळी आली की फावडं घेऊन कुंडीत उतरायचा.

आणि शुक्रवारी नमाज झाल्यावर मामू यायचे. मी हात धरून आणायचो. ते तांब्याभर पाणी ओतायचे, मान तिरकी करायचे. "पाचव्या दगडाखाली कायतरी हाय." दगड उचलला की दोन केस निघायचे, कधी शेंडीचा धागा. पोरं एकमेकांकडं बघायची आणि त्यांच्या पाया पडायची. मामू लाजून म्हणायचे, "आरं मातीच्या पडा." असं नऊ वर्षं चाललं. थापी कोनाड्यातच राहिली. बायको दर ईदेला तिच्या मुठीला तेल लावायची.

ते गेले तेव्हा मी तालमीत निरोप धाडला नव्हता. आमच्या माणसांनी कबरीत उतरवलं, एकेकानं तीन तीन मुठी माती दिली, आणि मागं बघतो तर कबरस्तानाच्या दारात सगळी तालीम उभी. पुढं वस्ताद, आता त्यांनाच दोघांनी धरलेलं. एका पैलवानाच्या डोक्यावर पाटी. पाटीत लाल माती, वाळवलेली, चाळलेली.

वस्तादांचा आवाज तोपर्यंत बसला होता. "कुंडीतली हाय," ते म्हणाले. "नऊ वर्षं त्यानं एक मूठ गटारात जाऊ दिली न्हाय. देऊ काय?"

आमच्यातल्या एका म्हाताऱ्यानं मौलवींकडं बघितलं. मौलवी म्हणाले, माती ती माती, द्या. मग ते सगळे रांगेनं आले, आणि त्या दांडग्या गड्यांनी ओंजळी हलकेच रित्या केल्या.

कबर भरली. वरची माती सारखी करायला कुणीतरी फावडं पुढं केलं. मी घेतलं नाही. घरनं निघताना बायकोनं मला थापी दिली होती. नऊ वर्षांनी ती मातीला लागली. मुठीवरच्या खळग्यात माझा अंगठा नीट बसत नव्हता, तरी मी गुडघ्यावर बसून सगळीकडनं थापलं आणि चारी बाजूंना ढाळ काढला, वर पाणी थांबू नये असा. मग रिवाजाप्रमाणं डोक्याकडनं पायाकडं पाणी ओतलं, मान तिरकी केली आणि डोळे मिटून ऐकत राहिलो.

पायापाशी, उजव्या अंगाला, पाणी जरासं दम खात होतं. मी तिथं परत थापी फिरवली.